अंबूबाईंची रसभरी, सुभेदारांचा पहारा

कुंडलच्या लालासाहेबांची उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. बर्फात पहारे दिले, वाळवंटात दिले, आणि सुभेदार होऊन गावी आले ते छाती तशीच पुढे काढून. त्यांना घाबरलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, सांगलीला निघताना एक काम त्यांच्या अंगावर टाकलं आणि या माणसाचा जीव महिना-दोन महिने टांगणीला लागला.

अंबूबाईंचा उजवा गुडघा बदलायचा होता. ऑपरेशन सांगलीत, आणि नंतरचा मुक्काम विश्रामबागेत लेकीकडे, संयोगिताकडे. निघायच्या दिवशी बाईंनी उंबऱ्यात उभं राहून कामांची वाटणी केली. म्हशी आणि उसाची तोड लेकाकडे, वीरधवलकडे. सैपाक, दूधदुभतं आणि आल्यागेल्याचं चहापाणी सुनेकडे, रेश्माकडे. मग त्या जरा थांबल्या. न्हाणीमागच्या परड्याकडे एकदा बघून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आन् रसभरी तुमी बगा."

वीरधवल आणि रेश्मा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. कारण घरात रसभरीची सगळ्यात जास्त चेष्टा कुणी केली असेल तर ती आबांनीच, म्हणजे सुभेदारांनी. त्यांच्या लेखी पीक म्हणजे ऊस, बाकी सगळं तण. त्यातून रसभरी तर उसाच्या बांधावर माजणाऱ्या फोपटीची सख्खी बहीण. तसंच लवदार पान, तसंच कागदी टोपडं घातलेलं फळ, फक्त जरा मोठं आणि गोड. "रानात जे मारायला आमी औषध आणतो, ते हिनं घरात पाळलंय," असं ते पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. अंबूबाईही हसायच्या आणि चहा आणायला आत जायच्या.

अंबूबाई फलटणकडच्या. लग्न होऊन कुंडलला आल्या आणि हळद उतरायच्या आत नवरा पलटणीत परत गेला. तेव्हापासून घराचा गाडा त्यांनी ओढला. पाण्याची पाळी आली की दारं धरायला त्याच, तोडकरी टोळीशी वाद घालायला त्याच, आणि पोरांच्या शाळेत मास्तरांपुढे उभं राहायलाही त्याच. सुभेदार सुट्टीवर यायचे तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं. ते आपोआपच असतं असं त्यांना वाटायचं. बायकांच्या कामाबद्दल पुरुषांना असं वाटतं, त्यात सुभेदार काही वेगळे नव्हते.

पण गंमत बघा. रान आधी सासऱ्यांचं होतं, मग नवऱ्याचं झालं. म्हशी लेकाच्या, चूल आता सुनेची. अंबूबाईंनी सगळं सांभाळलं, पण "हे माझं" असं त्या एकाच गोष्टीबद्दल म्हणायच्या. न्हाणीमागे, अंघोळीचं पाणी जिरतं तिथला चार वाफ्यांचा तुकडा. पहिल्या माहेरपणाहून परत येताना आईच्या परड्यातली वाळकी रसभरी त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. तिचंच बी दरसाल त्या धरत आल्या. मधे एकदा वीरधवलनं तिथं फरशी घालून गाडी लावायला जागा करायचं नाव काढलं होतं. अंबूबाईंनी ऐकून घेतलं. खुरपं घेऊन वाफ्यात जाऊन बसल्या आणि दिवेलागण झाली तरी उठल्या नाहीत. फरशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांची एक रीत होती. रसभरी त्या कधी तोडत नसत. पहाटे शिपतर, म्हणजे लहानशी टोपली, घेऊन जायच्या आणि झाडाखाली आपोआप गळून पडलेली फळं तेवढी वेचायच्या. फळ पिवळं दिसतंय म्हणून कुणी हात घातला तर त्याचं मनगट धरायच्या. "पडंल तवा आपलं. तवर झाडाचं," म्हणायच्या. हुकूम सुटला की काम फत्ते व्हायलाच हवं अशा शिस्तीत वाढलेल्या सुभेदारांना हा निव्वळ आळस वाटायचा.

आता तोच आळस त्यांच्या ताब्यात आला. त्यांनी तो फौजी पद्धतीनं सुरू केला. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी, पाणी वेळेवर, वाफ्यात काडी पडलेली चालायची नाही. सुरुवातीला ते झाडं नुसती तपासायचे. मग हळूहळू झाडांकडे बघायला लागले.

एका सकाळी त्यांना फूल दिसलं. लहानसं, खाली मान घातलेलं, पिवळं, आणि घशात काळपट तांबडे ठिपके. इतकी वर्षं या परड्यातून अंघोळीला जाताना ते त्यांना एकदाही दिसलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत फूल गळालं. देठाशी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं फळ राहिलं आणि त्याच्याभोवती फुलाखालची हिरवी वाटी. सुभेदारांना वाटलं, आता ही वाटी वाळून पडेल. तर ती वाढायला लागली! रोज थोडी थोडी पुढं सरकत तिनं फळाला चहूबाजूंनी घेरलं आणि टोकाला मिटूनच घेतलं. फळ अजून केवढंसं, आणि घर आधी एवढं ऐसपैस. पुढं फळ किती मोठं होणार ते त्या वाटीला आधीच ठाऊक होतं. सुभेदार गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. आपण कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरलोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी खरोखरच पायातल्या चपला काढून वाफ्याबाहेर ठेवल्या.

संध्याकाळी फोनवर ते बायकोला म्हणाले, "अगं, फूल गळल्यावर ती वाटी मिटत जातीया, आन् फळ आत ऱ्हातंय. लय भारी हाय हे. एवढी वर्सं मला कवा सांगितलं न्हाईस?"

पलीकडून अंबूबाई म्हणाल्या, "तुमी कवा बगितलं न्हाईसा." आणि हसल्या. ऑपरेशननंतर त्या हसल्याचं संयोगितानं पहिल्यांदाच ऐकलं.

त्या हसण्यानं सुभेदारांना मूठभर मांस चढलं. आता बाई घरी येईपर्यंत एकेक झाड नजर लागावी असं करायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि इथंच घात झाला.

दिवाळी सरली आणि पानांच्या पाठीवर पांढरी माशी दिसायला लागली. हात लावला की भुर्रकन धुरळा उडायचा. सुभेदारांनी निंबोळी अर्क आणला, पाण्यात कालवला, शेडमधला पाठीवरचा पंप घेतला आणि सगळी झाडं पानाखालून, पानावरून न्हाऊन काढली. काम एवढं नीट झालं की दुसऱ्या दिवशी माशी नावाला उरली नव्हती. त्यांनी फोनवर तसा अहवालही दिला.

चौथ्या दिवशी शेंड्याची पानं वाकडी दिसली. त्यांना वाटलं, पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी देठ पिळवटले, पानं अरुंद होऊन दोरीसारखी वळली, आणि झाडांनी माना टाकल्या. हिरवी टोपडी अर्धवट वाढलेली तशीच गळायला लागली. सुभेदारांनी वीरधवलला हाक मारली. तो उसाच्या तोडीवरून नुकताच आला होता. त्यानं एक पान हातात घेतलं मात्र, त्याचा चेहरा उतरला.

"आबा, कुठल्या पंपानं मारलं?"

"शेडमदल्या."

"शेडमदी दोन हायत."

शेतकऱ्याच्या घरात दोन पंप असतात. एक किडीचं औषध मारायला आणि एक उसातलं तण मारायला. तणनाशकाचा पंप दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते औषध उसाला काही करत नाही. पण रुंद पानाचं झाड असेल तर पंपाच्या नळीत चिकटून राहिलेला त्याचा अंशही पुरतो. म्हणून वीरधवलनं तणाच्या पंपाच्या दांड्याला एक लाल चिंधी बांधून ठेवली होती.

ती चिंधी गेली कुठं? तर खंडेनवमीला गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घराघरात हत्यारं-अवजारं धुऊन पुजतात. सुभेदारांच्या घरी ही पूजा म्हणजे परेडच. नांगराच्या फाळापासून खुरप्यापर्यंत सगळं त्यांनी स्वतः घासलं, तेल लावलं, ओळीनं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दोन्ही पंपही आरशासारखे लखलखीत केले. आणि एकाच्या दांड्याला बांधलेलं ते मळकं, तेलकट फडकं? देवाच्या कामात असलं ध्यान कशाला, म्हणून त्यांनी ते सोडलं आणि टाकून दिलं. त्या दिवशी अंबूबाईंनीच त्या पंपांवर अक्षता टाकल्या होत्या, आणि दोन्ही सारखेच दिसत होते.

सुभेदार पायरीवर बसले. "माज्या हातानं," एवढंच ते म्हणाले. रेश्मानं पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. बायकोनं आयुष्यात एक गोष्ट आपली म्हटली, आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या हवाली केली, आणि आपण ती महिनाभरात मारली. गुडघ्याच्या दुखण्यात तिला हे कळलं तर? आणि नाही कळलं, आल्यावर दिसलं तर?

शेवटी त्यांनी एक बेत केला. रोपवाटिकेतून रसभरीची रोपं आणायची, ही झाडं उपटायची आणि नवी लावून गप बसायचं. सांगलीला जाऊन त्यांनी रोपं घेतली, पिशवीत भरली. आलोच आहोत तर बायकोला भेटून जावं म्हणून विश्रामबागेत गेले आणि पिशवी खाली जिन्याजवळ ठेवून वर चढले.

वर संयोगिता आईला चालवत होती. अंबूबाईंनी वॉकर घट्ट धरला होता. पाऊल टाकताना त्या ओठ दाबत होत्या, कपाळावर घाम आला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्या थांबत नव्हत्या. खिडकीपर्यंत गेल्या, वळल्या, परत निघाल्या. सुभेदार दारातच उभे राहिले. त्यांनी गोळी लागलेली माणसं पाहिली होती, पण दुखणं असं मुकाट्यानं तुडवत चाललेलं कुणाला पाहिलं नव्हतं. ही बाई आपल्या घरात इतकी वर्षं अशीच चालत आली, आणि आपण ते बघितलं नाही, हे त्यांना त्या दारात समजलं. या बाईपुढे खोटं बोलायची आपली छाती नाही, हेही समजलं.

"अगं, तुजी रसभरी मारली मी," ते म्हणाले. आणि खंडेनवमीपासून सगळं सांगून टाकलं.

अंबूबाई वॉकर धरून तशाच उभ्या राहिल्या. मग विचारलं, "मुळं उपटलीसा?"

"न्हाई. अजून न्हाई."

"मग जावा आन् कापा. मुठीएवढा बुडखा ठिवा. वाफा पान्यानं चांगला धुवून काढा, चार-पाच येळा. मग हात लावू नका. आन् नव्या पानाला वाकडं बगून घाबरू नका. पयलं वाकडंच येतंय, मी बगितलंय."

"येतंय?" सुभेदारांनी विचारलं. "मेलेलं येतंय?"

"मेलंय का न्हाई, ते त्येला ठरवू द्या," असं म्हणून अंबूबाई पुन्हा खिडकीकडे चालायला लागल्या. रागावल्या होत्या की नाही, ते त्यांच्या पाठीकडे बघून सुभेदारांना कळेना.

ते जिन्याकडे वळले तेवढ्यात मागून आवाज आला. "आन् खाली पिशवीत काय आनलंयसा?" मघाशी खिडकीपर्यंत चालताना त्यांनी सुभेदारांच्या पिशवीतून डोकावणारी रोपं बघितली असणार. सुभेदारांनी मान खाली घातली. "वर आना," अंबूबाई म्हणाल्या. "पोरीच्या गॅलरीत लावू. त्या रोपांनी कुणाचं काय वाईट केलंय?"

घरी येऊन सुभेदारांनी विळा घेतला. फुलं लागलेलं एकेक झाड कापलं. वाफ्यात मुठीएवढे बुडखे उरले. पाणी सोडलं, जिरू दिलं, पुन्हा सोडलं. मग नुसतं बसणं आलं. पहाऱ्यात शत्रूची वाट बघायची असते. इथं कशाची वाट बघायची तेही दिसत नव्हतं. ऊस कारखान्यावर चालला होता, गावात ट्रॅक्टरांची रीघ लागली होती, आणि सुभेदार न्हाणीमागे खुर्ची टाकून बुडख्यांकडे बघत होते. येणारे-जाणारे विचारायचे, "सुभेदार, काय करताय?" ते म्हणायचे, "ड्यूटी."

एका बुडख्याला डोळा फुटला. दुसऱ्या दिवशी त्यातून पान आलं, वाकडं, चिमटल्यासारखं. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. आणखी एकाला फुटवा आला, तोही वाकडा. काही बुडखे काळे पडून कुजले. त्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम होता. त्यांनी लावला नाही. रात्री जेवण जाईना. रेश्मा म्हणाली, "आबा, आईंला फोन करू का?" ते म्हणाले, "नको. तिनं सांगितलंय तेवढं बास."

आणि मग, थंडी चांगली पडली तेव्हा, एका सकाळी त्या वाकड्या पानांच्या मधून एक पान वर आलं. सुभेदार जवळ गेले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. पान सरळ होतं. टोकापर्यंत सरळ, मऊ लव असलेलं, तळव्यासारखं उघडं. त्याच्या मागं दुसरं, तेही सरळ. ज्या औषधानं रानंच्या रानं साफ होतात, ते अंगात घेऊन, ते सोसून, हे झाड खालून पुन्हा सुरुवात करून आलं होतं. कुणाच्या मदतीनं? कापणं-धुणं माणसाचं, पण फुटणं त्याचं त्याचंच. सुभेदारांनी हात जोडले. मंदिरातही ते हात जोडायचे, पण तिथं मागायला काहीतरी असायचं. इथं मागायचं काही राहिलं नव्हतं. ते लहान पोरासारखे रडले, आणि न्हाणीतून रेश्मा बघतेय हे कळूनही त्यांनी डोळे पुसले नाहीत.

अंबूबाई काठी टेकत घरी आल्या तेव्हा वाफ्यात निम्मीच झाडं होती, पण तेवढी हिरवीगार होती. त्या आधी घरात गेल्याच नाहीत, थेट परड्यात गेल्या. प्रत्येक झाडाजवळ थांबल्या, पानं उलटून बघितली. कुजलेल्या बुडख्यांपाशीही थांबल्या. सुभेदार मागे दोन्ही हात पाठीशी घेऊन उभे होते. बाई काही बोलतील म्हणून त्यांनी वाट बघितली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "च्या टाक गं, रेश्मा."

पुढं फाल्गुनात रसभरी गळायला लागली, आणि पहाटे दोघंही वेचायला जायचे. वाकणं सुभेदारांकडे आणि शिपतर अंबूबाईंकडे. पण तेव्हाही त्या विषयावर बाई कधी बोलल्या नाहीत. त्यांनी ते बोलावं असं सुभेदारांना फार वाटायचं. आपल्यावर विश्वास आहे की गेला, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर यायचं आणि तसंच परत जायचं.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, दुसराही गुडघा बदलावा लागेल. पाऊस सुरू झाल्यावर तारीख मिळाली. वाफ्यात नवी रोपं नुकतीच वीतभर झाली होती. निघायच्या दिवशी अंबूबाई पुन्हा उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि वाटणी सुरू झाली. म्हशी, ऊस, सैपाक, आल्यागेल्याचं. रसभरीवर येईपर्यंत रेश्मानंच पुढं होऊन म्हटलं, "आई, या वक्ताला परडं मी बगती. आबांना कशाला तरास?" ती समजूतदार पोरगी होती, सासऱ्याला अवघड होऊ नये म्हणूनच बोलली.

सुभेदारांनी मान डोलावली. त्यांनाही तेच बरोबर वाटलं. ते बॅग उचलायला वाकले.

"न्हाई गं," अंबूबाई म्हणाल्या. "परडं ह्यांच्याकडंच."

सुभेदार बॅग हातात धरून तसेच राहिले. "अगं, पुन्यांदा माज्याकडंच? माज्या हातानं काय झालंय, इसरलीस?"

"इसरंन कशी? म्हणूनच." अंबूबाईंनी काठी पुढं टेकली आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "ह्या घरात मी सोडून हे झाड मरताना बगितलेलं आन् परत येताना बगितलेलं तुमीच एकटं हायसा. मग दुसऱ्या कुनाकडं दिऊ?"

सुभेदारांनी बॅग गाडीत ठेवली, बाईंना हात धरून बसवलं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. मग ते न्हाणीमागे गेले, चपला काढल्या आणि वाफ्यात उतरले.